रोह्यांनी न खाल्लेलं जवस

जवसाचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारचे बारा वाजायच्या आत पाकळ्या टाकून मोकळं होतं. माझी सगळी नोकरी त्या चार-पाच तासांच्या तालावर गेली. इतर बायका दहा वाजता कचेरीत जाऊन पंखा लावायच्या. मी सात वाजताच वावरात वाकलेली असायची. हातात चिमटा, डोळ्यावर भिंग आणि तोंडात मुंग्यांना शिव्या. आमच्या घरी यवतमाळात तीन पिढ्या कारकुनी. मातीत हात घालणारी मी पहिली. आई म्हणायची, "एवढं शिकलीस ते चिखलात बसायले काय वं?" मी म्हणायची, चिखल नाही गं, आमच्याकडे पाणी असतं कुठे चिखल व्हायला!

आमचं गळीतधान्य संशोधन केंद्र यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना लागायचं. नाव मोठं, केंद्र लहान. दोन खोल्या, एक विहीर, नाल्यापर्यंत उतरलेलं वावर, साहेब म्हणून बोरकर सर, त्यांच्या हाताखाली मी आणि रोजंदारीवर सहा बाया. गळीतधान्य म्हणजे ज्यातून तेल निघतं ते पीक. तीळ, करडई, जवस. आमच्याकडे मुख्य जवस.

ती वर्षं कापसाची होती, आणि वाईट होती. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, मी नव्यानं काय सांगू? आमच्यापुरतं सांगायचं तर जिल्हाभर पांढरं सोडून दुसरं पेरायला कोणी तयार नव्हतं. कापसानं हात दिला की आमच्याकडे कुत्रं फिरकायचं नाही. कापूस वाळला की मात्र लोक दारात येऊन बसायचे. एकदा एक म्हातारबाबा आले, पायरीवर टेकले आणि म्हणाले, "म्याडम, असं बी द्या का ज्याले पाणी नोको, खत नोको, अन् पोतं भरून आलं पायजे."

मी म्हटलं, "बाबा, असा जावई तरी मिळतो का कुठे?"

"नाई भेटत, म्हणूनच तं तुमच्याकडे आलो," बाबा म्हणाले.

मी हसले. आतल्या खोलीत बोरकर सर मात्र हसले नाहीत. बाबा गेल्यावर ते मला म्हणाले, "हसतेस काय? त्यांनी बरोब्बर तेच मागितलं जे मी शोधतोय."

हे शोधणं म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या जाऊबाईंना अजूनही वाटतं की मी सरकारी पैशानं बागकाम केलं. झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात. झाडाचं रूप, गुण, खोडी, सगळं त्यांच्यात लिहिलेलं. पाण्यावाचून तगणं हे काही एका जनुकाचं काम नाही. मूळ खोल जावं याची जनुकं वेगळी, पानातली ओल उडू नये याची वेगळी, दुष्काळ गाठायच्या आत पिकून घ्यावं याची आणखी वेगळी. आणि बोंडं भरपूर लागावी याची तर निराळीच. त्यात जे झाड कोरड्यात तगतं ते बहुधा कंजूस निघतं. स्वतः जगतं आणि देताना चार दाणे देतं. जे भरभरून देतं ते पाऊस-पाण्याचं जरा लांबलं की मान टाकतं. म्हणून कंजुसाचं आणि उधळ्याचं लग्न लावायचं आणि त्यांच्या नातवंडांत ते एक पोर हुडकायचं, ज्यानं दोघांचं चांगलं तेवढं उचललंय.

लग्न लावणं हेही सोपं नाही. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखायची, ती हलकेच उघडून आतले पाच पुंकेसर चिमट्यानं काढायचे, वर कागदी पिशवी बांधायची. सकाळी दुसऱ्या झाडाचे परागकण आणून तिच्यावर टेकवायचे. एवढं सगळं जमलं तर एका बोंडात फार तर दहा दाणे. हिवाळाभर मान मोडून काम करायचं आणि शेवटी जे हाती येतं ते मुठीतसुद्धा दिसत नाही.

सरांना कंजूस वाण सापडलं होतं केळापूरकडे. मुरमाच्या उतारावर, जिथे कुसळसुद्धा विचार करून उगवतं, तिथे एका शेतकऱ्यानं चटणीपुरत्या दोन ओळी जवस ठेवलं होतं. सरांनी त्याच्याकडून ओंजळभर बी मागून आणलं. आमच्याकडच्या भरघोस वाणाशी त्याचं लग्न लावलं. पहिली पिढी नेहमीप्रमाणे सगळी सारखी आली. दुसरी पिढी, म्हणजे नातवंडं, नाल्याकडच्या तुकड्यात पेरली. पाचशे-सहाशे झाडं होती आणि एकासारखं दुसरं नव्हतं. एक उंच, एक बुटकं, एक लवकर पिकलेलं, एक अजून फुलात. सर रोज संध्याकाळी त्या तुकड्याच्या कडेला उभे राहायचे. मला म्हणायचे, "सुलभा, यातलं एक आपलं आहे."

माझं नोकरीचं तेव्हा दुसरं वर्ष. अंगात मस्ती भरपूर.

त्या नाल्याकडच्या तुकड्याला लागूनच, वरच्या अंगाला, बियाण्याचा प्लॉट होता. त्याचं शास्त्र अगदी उलटं. बियाण्यात सगळी झाडं सारखी हवीत. म्हणून काढणीच्या आधी त्यात फिरून जे झाड वेगळं दिसेल ते उपटून टाकायचं. याला भेसळ काढणं म्हणतात. हे काम बाया करायच्या, आणि त्यात वच्छलाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. वच्छलाबाई म्हणजे आमच्या सहा जणींची म्होरकी. नऊवारीचा काचा मारून ओळीत शिरली की वेगळं झाड तिच्या नजरेतून सुटायचं नाही.

सर बैठकीसाठी दोन दिवस बाहेरगावी गेले होते. मला महिन्याचा अहवाल पुरा करायचा होता. बाया आल्या तेव्हा मी खुर्चीवरूनच सांगितलं, "विहिरीपासून नाल्यापर्यंत भेसळ काढा. वेगळं दिसेल ते उपटा."

नाल्यापर्यंत! मला म्हणायचं होतं मधल्या पायवाटेपर्यंत. जीभ घसरली, आणि पायवाटेवर खुंटी ठोकून यायचे श्रम मी घेतले नव्हते.

तासाभरानं वच्छलाबाई दारात आली. "मॅडम, त्या नाल्याकडच्या तुकड्यात तं सारेच झाडं वेगळे हायेत. कोणतं ठेवू अन् कोणतं उपटू?"

मी मान वर केली नाही. आकड्यांची बेरीज चुकत होती. "सांगितलं ना एकदा? वेगळं दिसेल ते उपटा. काहून विचारता पुन्हा पुन्हा?"

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

दुपारी मी वावरात गेले तेव्हा नाल्याकडचा तुकडा विरळ झाला होता. जी उरली होती ती झाडं मध्यम, साधी, एकमेकांसारखी, काही नाव ठेवू नये आणि काही नाव घेऊ नये अशी. उंच, बुटकं, लवकरचं, उशिराचं, बोंडांनी लगडलेलं, जे जे काही विशेष होतं ते सगळं उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग केला होता. बाया कष्टाळू हो! एकही सोडलं नव्हतं. कोणतं झाड कुठलं, कोणत्या ओळीतलं, त्याचा आता ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता.

मी तिथेच बसले. आणि मग, रडून मोकळं व्हायच्या ऐवजी, मी शहाणपणा केला. बायांना म्हटलं, हा ढीग जाळायचा आहे. मीच काडी आणली.

वच्छलाबाई ढिगाजवळ वाकली होती. तिनं एक झाड ओढून काढलं. मध्यम उंचीचं, बोंडं तपकिरी, पिकून खुळखुळणारी, आणि किती बोंडं! "मॅडम, भरलं झाड जाळू नाई. आढ्याले टांगतेत त्याले."

"मग टांगा तुमच्या आढ्याला!" मी खेकसले आणि काडी ओढली.

संध्याकाळी मी फील्ड बुकात लिहिलं: दुसऱ्या पिढीच्या तुकड्यातील बहुतांश झाडे रोह्यांनी खाल्ली. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे कुठल्याही नुकसानीला हे जनावर कामी येतं, ते बिचारं काही खुलासा द्यायला येत नाही. फील्ड बुक म्हणजे आमची पोथी. त्यात खोटं लिहिणं म्हणजे काय, ते मला पुरतं माहीत होतं. तरी लिहिलं. मला आजही त्याची लाज वाटते.

सर आले. तुकड्यात शिरले, बराच वेळ खाली बघत उभे राहिले. मी वही पुढे केली. त्यांनी वाचलं. "चूक माझी," ते म्हणाले. "कुंपण करायला हवं होतं."

केळापूरचं बी थोडं डब्यात उरलं होतं, पण दोन उन्हाळे पत्र्याच्या कपाटात काढून ते मेलं होतं. त्यातलं थोडं पेरलं, एक कोंब आला नाही. सर पुन्हा केळापूरला गेले. त्या उतारावर आता कापूस होता. चटणीपुरत्या दोन ओळीसुद्धा कोणी ठेवल्या नव्हत्या. म्हणजे ते लग्न पुन्हा लावायची सोय राहिली नाही. सरांनी परत येऊन बाभळीच्या फांद्या तोडवल्या आणि स्वतः हाताला काटे रुतवून घेत वावराला कुंपण घातलं. दर वर्षी ते दुरुस्त करायचे. भेटायला येणारे अधिकारी म्हणायचे, "कुंपण छान हो. रोही येत नाही ना आता?" सर म्हणायचे, "एकही नाही." मी पाठमोरी होऊन काहीतरी मोजत बसायची.

वच्छलाबाई त्याच वर्षी गेली. माहेरी फुलसावंगीला तिची माय एकटी पडली, म्हणून नवरा-बायको तिकडेच शेती करायला गेले. जाताना ती मला काही बोलली नाही. मला मनातून बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

आठ-नऊ वर्षं गेली. सरांची निवृत्ती वर्षावर आली. पुष्कळ लग्नं लावली आम्ही या काळात, पण कंजूस ते कंजूस निघायचं आणि उधळं ते उधळं. त्या सालात पावसानं मध्येच हात आखडला. कापूस झाडावरच वाळला, रब्बीला जमिनीत ओल नाही. तेव्हा महागावकडच्या एका कृषी सहायकाचा निरोप आला, फुलसावंगीच्या शिवारात एका बाईचं जवस उभं आहे, येऊन बघून जा.

सर आणि मी एसटीनं गेलो. फुलसावंगीला उतरून अर्धा तास चाललो. आजूबाजूला सगळं करपलेलं, आणि मध्ये दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा, बोंडांनी वाकलेला. धुऱ्यावर एक बाई उभी होती. केस पांढरे झालेले, पण काचा तोच. मी ओळखलं आणि दोन पावलं मागेच थांबले.

सर तुकड्यात शिरले होते. एक झाड मुळासकट उपटून त्यांनी त्याची हातभर लांब मुळं डोळ्यांसमोर धरली. "वच्छलाबाई, हे बियाणं कुठलं?"

वच्छलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे पाहून साळसूद चेहऱ्यानं म्हणाली, "माह्या मायचं हाये सर. जुनंच. लय जुनं."

सरांनी वहीत लिहिलं: स्थानिक वाण, मूळ अज्ञात. मग विचारलं, "दर वर्षी बियाण्याला कसं ठेवता?"

"दुपारी बाराले वावरात येतो. उन्हात जे झाड मान टाकत नाई त्याले लुगड्याची चिंधी बांधतो. मंग पिकल्यावर चिंधीवाल्यातलं जे भरलं असन तेवढंच आढ्याले टांगतो. बाकीचं चटणीले."

ज्यासाठी आम्ही तराजू, थर्मामीटर आणि तक्ते बाळगतो ते ही बाई चिंधीच्या तुकड्यावर करत होती. आणि एका वर्षी नाही, दर वर्षी.

सर पुढे गेल्यावर मी तिच्याजवळ गेले. ती हळूच म्हणाली, "तुमीच म्हनलं होतं, टांगा. मी टांगलं."

"मग खोटं कायले सांगितलं?"

"तुमची नोकरी हाये न माय," ती म्हणाली. "मले काय, जवस कोठलंही असलं तरी चटणी तशीच होते."

परतीच्या एसटीत सरांनी ते झाड पेपरात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. मूळ अज्ञात असलेल्या वाणाचं काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पाकिटात भरून थंड खोलीत जातं आणि तिथेच राहतं. चाचणीत रांगेत पुढे जायला आई-बाप सांगावे लागतात. महागाव गेलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुलभा, आपलं ते केळापूरचं पोर जगलं असतं ना, तर अगदी असं झालं असतं."

मला वाटलं, पुढचा आर्णीचा थांबा येऊ दे, मग बोलू. आर्णी आली. गाडी सुटली. मी म्हटलं, "सर, रोह्यांनी खाल्लं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. खुर्ची, बेरीज, नाल्यापर्यंत, काडी, टांगा तुमच्या आढ्याला. एकही गोष्ट लपवली नाही. बाजूची बाई पदराआडून ऐकत होती, तिचीही पर्वा केली नाही. यवतमाळच्या स्टँडवर उतरलो तेव्हा सर म्हणाले, "रोही झाड खातो, मुळासकट उपटत नाही. मला त्या दिवशी जमिनीत खड्डे दिसले होते."

"मग विचारलं का नाही सर?"

"वहीत तू लिहिलं होतंस ना. मी डोळ्यांपेक्षा वहीवर विश्वास ठेवला." आणि ते झाड छातीशी धरून रिक्षात बसले. मला बस म्हणाले नाहीत. मी घरी चालत गेले आणि वाटभर रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर ते जुनं फील्ड बुक उघडं होतं. त्यांनी लाल पेन पुढे केलं. मी माझ्या जुन्या ओळीखाली खरं काय झालं ते लिहिलं, सही केली. त्याखाली त्यांनी सही केली. वर पाठवलं. मला लेखी ताकीद मिळाली, बढती दोन वर्षं लांबली, आणि नऊ वर्षांनी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

पण माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? एकदा खोटं लिहिलेली बाई ती. सरांना तेवढ्यात पत्र्याच्या कपाटातला तो डबा आठवला. केळापूरचं मेलेलं बी! बी मेलं तरी त्यातली जनुकं लगेच नाहीशी होत नाहीत. पेरून कोंब येत नाही, पण प्रयोगशाळेत त्याची ओळख पटवता येते. तीन पाकिटं गेली: आमचं भरघोस वाण, केळापूरचे मेलेले दाणे आणि वच्छलाबाईच्या आढ्यावरचे. चार महिन्यांनी एक फोटो आला. काळ्या पट्टीवर आडव्या पांढऱ्या रेघा, तिघांच्या तीन रांगा. सरांनी पट्टी ठेवून एकेक रेघ मिळवली. वच्छलाबाईच्या रांगेतली एकूण एक रेघ एक तर आईकडून आलेली होती, नाही तर बापाकडून. परकी एक नाही. सर चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

त्या वर्षीच्या रब्बीला ते वाण चाचणीत उभं राहिलं. फॉर्मवर एक रकाना असतो, निवड करणारा. सरांनी तिथे वच्छलाबाईचं नाव घातलं. वरून विचारणा आली की यांचं पद काय? सरांनी उत्तर पाठवलं, "भेसळ काढणे." पुन्हा कोणी विचारलं नाही.

पेरणीची पहिली ओळ तिच्या हातून व्हावी म्हणून आम्ही तिला बोलावून घेतलं. सरांचा तो शेवटचा हंगाम. वच्छलाबाई एसटीनं आली, पदरात बियाण्याची पुरचुंडी. वावराशी येऊन थबकली आणि कुंपणाकडे बघू लागली. "बापा! एवढे काटे कायले लावले सर?"

"रोह्यासाठी," सर म्हणाले.

"येथी? येथी रोही कधी आलता?"

मी जमिनीकडे बघत होते. सर अगदी गंभीरपणे म्हणाले, "आलता न. एकच आलता. तुमच्या बाजूले उभा हाये पाहा."

वच्छलाबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तोंडाला पदर लावला, आणि तिला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. मीही हसत सुटले, आणि हसता हसता डोळे वाहू लागले ते पुसायलाही सुचलं नाही. सरही हसत होते. त्या एसटीच्या प्रवासानंतर ते माझ्याशी कामाव्यतिरिक्त पहिल्यांदा बोलले ते त्या दिवशी.

पहिली ओळ पेरून झाली. सर म्हणाले, "काढून टाका ते कुंपण. चहा करू त्याच्यावर." आम्ही वाळलेल्या बाभळी ओढून आणल्या, तीन दगड मांडले, वर भगुनं ठेवलं. मी काडी ओढणार तोच वच्छलाबाईनं माझं मनगट धरलं. खाली वाकून तिनं एकेक फांदी उचलून पाहिली.

"थांबा मॅडम," ती म्हणाली. "भरलं झाड तं नाई न यात, पायू द्या आधी."